शेतातली जनावरं आणि बदलते ऋतू: आईबाबा, ताई आणि मुलांकडून नेहमी येणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून हे प्रश्न आमच्याकडे येत राहतात. काही अंगणवाडीच्या ताईंचे, काही फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईबाबांचे, आणि बरेचसे मुलांचेच, मोठ्यांनी टाइप करून पाठवलेले. उत्तरं तीन ते सात वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तेच तेच पुन्हा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. लहान मुलांना ऋतू तीन शिकवायचे की सहा?

तीन. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर ही यादी पाठ करायला पुढे भरपूर वेळ आहे. चार वर्षांच्या मुलाला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अंगावर कळतात, तेवढं पुरे.

मात्र जूनमध्ये धो-धो पाऊस हे चित्र कोकणातलं आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातही सर्वांत जास्त सप्टेंबरात. जुलैत आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि पाऊस पुढच्या गावाला निघून जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात छत्रीचं चित्र रंगवायला दिलं की मुलं खिडकीबाहेर बघून विचारतात, "पण पाऊस कुठाय?" बरोबरच विचारतात. छत्री थोडी पुढे ढकला.

२. सुरुवात कुठल्या प्राण्यापासून करावी?

शेळीपासून. ती सगळीकडे दिसते, मुलाच्या उंचीची असते आणि करडू जवळ येऊन बोटं चाटतं. मग कोंबडी, गाय, म्हैस. बैल शेवटी, कारण तो लांबूनच बघायचा असतो. वाघ-सिंह-जिराफ तक्त्यावर राहू द्या.

३. गोठ्यात नेलं तर मुलाला ऋतू दाखवायचा कुठे? जनावरं तर बारा महिने तीच असतात.

जनावर तेच, बाकी सगळं बदलतं. तीन गोष्टी बघायला लावा: जनावर कुठं बांधलंय, गव्हाणीत काय पडलंय, आणि ते पाणी किती पितंय.

मे महिन्यात दुपारी गोठ्यावरचे पत्रे तापतात, म्हणून गुरं बाहेर कडुलिंबाच्या सावलीत बांधलेली असतात. गव्हाणीत वाळका कडबा. दुभती संकरित गाय या दिवसांत दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी सहज पिते. मुलाला बादल्या मोजू द्या, आकडा आपोआप कळतो.

सप्टेंबरात तीच गाय आत, छपराखाली. पुढ्यात मका, हत्तीगवत, बांधावरचं गवत. शेपटीला क्षणभर उसंत नाही, कारण माश्या आणि डास. संध्याकाळी गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवून धूर केलेला असतो. आणि एक गंमत मुलंच आधी टिपतात: शेण बदललेलं असतं. कडब्यावर असताना घट्ट पो पडतो, हिरव्यावर आली की पातळ. मोठी माणसं "शी" म्हणून पुढे सरकतात, पण हाच त्या दिवसाचा सर्वांत पक्का पुरावा आहे. थांबून बघू द्या.

जानेवारीत सकाळी आठला जा. गुरं कोवळ्या उन्हात आडवी उभी असतील, ऊन पाठीवर जास्तीत जास्त पडेल अशी. वासराच्या अंगावर गोणपाट. मानेवरचे केस मे महिन्यापेक्षा दाट लागतात. मालकाला विचारून हात फिरवू द्या.

४. पाऊस चारच महिने, मग वर्षभर चारा येतो कुठून?

सोलापूरचं उत्तर एका शब्दाचं आहे: ज्वारी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर ज्वारी पेरतात, डिसेंबर-जानेवारीत हुरडा येतो, फेब्रुवारीच्या आसपास काढणी. कणीस माणसाचं, ताट जनावराचं. वाळलेली ताटं म्हणजे कडबा. त्याच्या पेंढ्या बांधून गंज रचतात आणि तीच पुढचे कित्येक महिने पुरवायची. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं नाव भाकरीसाठी होतं, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शेतकरी बियाणं निवडताना कडबा किती आणि कसा निघेल हेही बघतो.

हिवाळ्यात ऊसतोड चालू असते तेव्हा उसाचे हिरवे शेंडे मिळतात, त्याला वाढं म्हणतात. रस्त्याकडेला वाढ्याचे भारे विकायला ठेवलेले मुलांना दाखवा. जूनच्या सुरुवातीला गंजीचा तळ दिसायला लागतो. मार्चमध्ये गंजीसमोर मुलाचा फोटो काढा, जूनमध्ये त्याच जागी पुन्हा काढा.

५. पिल्लांची नावं काय, आणि ती आईच्या पोटात किती दिवस असतात?

गायीचं वासरू (मादी कालवड, नर खोंड), म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, कोंबडीचं पिल्लू.

शेळी आणि मेंढी साधारण पाच महिन्यांनी विते, गाय नऊ महिने उलटल्यावर, म्हैस दहा महिने उलटल्यावर. कोंबडी अंड्यांवर २१ दिवस बसते. लहानांसाठी कोंबडीच बरी: भिंतीवर २१ चौकोन आखायचे, रोज एक रंगवायचा. पाच महिने वाट बघणं चार वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातलं नाही.

६. चित्रांच्या पुस्तकात कोकरं वसंतात जन्मतात आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. आमची मुलगी विचारते, आपल्याकडे असं का नाही?

कारण ती पुस्तकं थंड देशांतली आहेत. तिथे हिवाळ्यात गवत उगवत नाही, म्हणून पिल्लं गवत फुटायच्या सुमाराला जन्माला येणं सोयीचं. गुरं थंडीत आत कोंडलेली असतात. आपल्याकडे थंडी जनावरांना मानवते, त्रास होतो तो उन्हाचा. आपल्या शेळ्या वर्षाच्या कुठल्याही महिन्यात वितात. म्हशींचं मात्र वेळापत्रक असतं: दिवस लहान व्हायला लागले की त्या जास्त करून माजावर येतात, आणि दहा महिन्यांचा हिशेब धरला की बऱ्याच म्हशी पावसाळ्यात किंवा हिवाळ्याच्या तोंडाला वितात.

पुस्तकं फेकून देऊ नका, चित्रं सुंदर असतात. प्रत्येक पानावर थांबून "आणि आपल्याकडे?" एवढं विचारा. बर्फाच्या पानाशेजारी आमच्याकडच्या एका मुलानं हुरड्याची शेकोटी काढून चिकटवली होती. उत्तर अगदी बरोबर.

७. म्हैस चिखलात का बसते? गाय का बसत नाही?

म्हशीचं कातडं काळं आणि जाड, अंगावर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी. ऊन अंगात मुरतं, पण घामावाटे उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. म्हणून ती पाणी शोधते. डुंबलं की अंग थंड होतं, आणि वर चिखलाचा थर राहिला की ऊन आणि माश्या दोन्ही लांब. "म्हैस घाणेरडी असते" असं मुलं म्हणाली तर हे सांगा.

आता ओढ्याला पाणी नसतं, तेव्हा गोठ्यात पाइपनं पाणी मारतात. मे महिन्यात दुपारी म्हशीवर पाणी पडलं की ती डोळे मिटून मान पुढे करते. तेवढं बघायला अर्धा तास थांबायला आमची हरकत नसते.

आपल्या भागातली खास म्हैस म्हणजे पंढरपुरी. तिची शिंगं तलवारीसारखी लांब, मागे वळून खांद्यापलीकडे जाणारी. कोल्हापुरात गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात त्यांतही या म्हशी असतात. तिने मान वळवली तर शिंगाचा फेरा मोठा असतो, म्हणून मुलाला बाजूला नव्हे, समोर आणि लांब उभं करा.

८. उन्हाळ्यात दूध कमी का येतं?

दोन कारणं. उकाड्यात जनावर खातं कमी, धापा जास्त टाकतं, मग दूध घटतं. शिवाय उन्हाळ्यात बऱ्याच म्हशी आटलेल्या किंवा गाभण असतात (प्रश्न ६ पाहा). चीक पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला सहज मिळतो, खरवस तेव्हाच करून घ्या.

९. कोंबड्या हिवाळ्यात अंडी कमी का देतात? आणि उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून का बसतात?

अंडं थंडीवर नाही, उजेडावर अवलंबून असतं. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला दिवसाचा चौदा तासांच्या वर उजेड लागतो. सोलापुरात डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या जेमतेम वर असतो, जूनचा तेरा तासांच्या थोडा वर. थंडीच्या आधी कोंबडी पिसंही झाडते, तेव्हा तिची ताकद नवी पिसं आणण्यात जाते. पोल्ट्रीत दिवे लावून ही कसर भरून काढतात, त्यामुळे दुकानात अंडी बारा महिने दिसतात. परसातल्या कोंबडीला दिवा नसतो.

चोचीचं उत्तर सोपं: कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते. अशी दिसली तर तिला हुसकावू नका, सावलीत पाणी ठेवा.

१०. पावसाचा थेंब पडला की शेळ्या पळत सुटतात, मेंढ्या तशाच उभ्या. असं का?

मेंढीच्या लोकरीला नैसर्गिक तेलकटपणा असतो, पाणी लगेच कातड्यापर्यंत जात नाही. शेळीचे केस आखूड, भिजली की थेट गारठा. आपल्याकडे जास्त करून दिसणारी काळी उस्मानाबादी शेळी तर पहिल्या सरीला छप्पर गाठते. पाऊस येणार हे शेळ्यांना कळतं असं घरोघरी सांगतात. त्यांना वाऱ्याचा आणि वासाचा अंदाज लवकर येत असावा, पण त्यावर वाळवण उचलायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

उन्हाळा मात्र शेळीचा. सगळं रान वाळलेलं असताना ती मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडते. एप्रिल-मेमध्ये बाभळीच्या शेंगा पडतात, त्या खुळखुळत खाली आल्या की शेळ्यांची झुंबड उडते. मुलांना चार शेंगा गोळा करून द्या, कान टवकारून पाठीमागे येतील.

११. लोकर कापली की मेंढीला थंडी वाजत नाही का? दुखतं का?

दुखत नाही, केस कापल्यासारखंच. कात्रीनं कधी एखादा ओरखडा निघतो, त्यावर हळद लावतात. आपल्याकडे लोकर वर्षातून दोनदा कातरतात आणि कडाक्याची थंडी टाळतात. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, तिची घोंगडी होते. अंगाला टोचते, पण पावसात आणि थंडीत तिच्यासारखी दुसरी चीज नाही. शेजारच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला जवळजवळ लोकर नसतेच, आणि नाक पोपटासारखं बाकदार असतं. मुलं ती एकदा पाहिली की विसरत नाहीत.

१२. दिवाळीनंतर रस्त्यानं मेंढरांचे कळप कुठे निघतात?

चाऱ्याच्या मागावर. सांगोला, माण, आटपाडी हा कोरडा पट्टा. पावसाळ्यात तिथल्या माळावर गवत असतं, दिवाळीनंतर संपतं. मग धनगर कुटुंबं वाडा (म्हणजे कळप आणि सगळा संसार) घेऊन निघतात: बागायती भागाकडे, काही थेट घाट उतरून कोकणात. घोड्यावर संसार लादलेला, त्यावर कोंबड्या, आणि चालता न येणारी कोकरं जाळीत.

शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात. रात्रभर कळप शेतात बसला की लेंड्या आणि मुताचं उत्तम खत पडतं. त्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. पाऊस सुरू होताना कळप माघारी फिरतात, कारण जास्त पावसाच्या चिखलात मेंढ्यांचे खूर सडतात.

रस्त्यात कळप भेटला तर गाडी बंद करा आणि हॉर्न वाजवू नका. काच खाली करून मुलाला मोजू द्या. कुणालाच मोजता येत नाहीत, तीच मजा.

१३. आमच्याकडे बैलांचा सण आषाढात होतो, पुस्तकात पोळा श्रावणात दिलाय. मुलाला कुठला खरा सांगू?

तुमच्या गावचा. सोलापूर जिल्ह्यात हा सण एका दिवशी होतच नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात, कन्नड बोलणाऱ्या गावांमध्ये, ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी, म्हणजे कर्नाटकी बेंदूर. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याकडे आषाढी एकादशीनंतर थोड्याच दिवसांनी महाराष्ट्रीय बेंदूर. मराठवाड्याच्या बाजूला सरकाल तसा श्रावण अमावास्येचा पोळा. काही ठिकाणी भाद्रपद अमावास्येलाही पोळा असतो. एकाच वर्गात तिन्ही गावची मुलं असली की भांडण ठरलेलं. भांडू द्या आणि फळ्यावर तिन्ही लिहा.

रीत बहुतेक सारखीच. आदल्या दिवशी खांदेमळणी: वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तेल-तूप चोळायचं. सणाच्या सकाळी आंघोळ, मग शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. मुलांना या सगळ्यात काय आवडतं म्हणाल तर खांदेमळणी. मिरवणुकीत वाजंत्री असते आणि बैल बुजतात, पण आदल्या संध्याकाळी गोठा शांत असतो. न्यायचं तर तेव्हा न्या.

शहरात मातीचे बैल मिळतात. विकत आणण्यापेक्षा चिखल करून घरी करा, शिंगं पडली तरी चालतील.

गायवासराचा दिवस वेगळा, तो वसुबारस. अश्विन वद्य द्वादशी, म्हणजे दिवाळीची सुरुवात.

१४. आजोबा म्हणतात, "यंदा मृगाचं वाहन म्हैस आहे, पाऊस चांगला." मुलाला वाटतं खरंच म्हैस येणार. काय सांगू?

ती येईल असंच थोडे दिवस वाटू द्या. पावसाळ्याची नक्षत्रं साधारण तेरा-चौदा दिवसांची: ७-८ जूनच्या सुमाराला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत सप्टेंबरअखेर हस्त. पंचांगात प्रत्येकाला एक वाहन दिलेलं असतं. वाहनं नऊ: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कुठे आहे यावरून ते काढतात, म्हणून दर वर्षी बदलतं. म्हैस, बेडूक, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. बाकीच्यांबद्दल आजोबा सांगतील ते ऐका.

हवामानाचा अंदाज म्हणून यावर विसंबू नका. मुलांसाठी मात्र हा फार छान खेळ आहे: नक्षत्र लागलं की वाहनाचं चित्र भिंतीवर, आणि खरंच पाऊस पडला त्या दिवशी चित्रावर निळा ठिपका. हस्ताला सोलापूरकर जास्त जपतात, कारण रब्बीच्या ज्वारीची सारी भिस्त त्या पावसावर (प्रश्न ४).

१५. आता सगळीकडे ट्रॅक्टर. बैल दाखवायचे तरी कुठे?

कुठे बघायचं ते ऋतूवर आहे. दिवाळीपासून मार्चपर्यंत साखर कारखान्यांच्या वाटेवर उसानं भरलेल्या बैलगाड्या. कार्तिकी एकादशीला पंढरपुरात जनावरांचा मोठा बाजार. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा, तेव्हाही बाजार भरतो आणि पांढरेशुभ्र, उंच, टोकदार शिंगांचे खिलार दावणीला दिसतात. बाकी वर्षभर सांगोल्याचा रविवारचा बाजार.

बाजारात मुलाला कडेवर किंवा खांद्यावर घ्या, चालवू नका. खिलार तापट असतो. जाण्याआधी बाजार चालू असल्याची खात्री करा. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा बाजार बंद ठेवले होते.

१६. दुष्काळाबद्दल इतक्या लहान मुलांना सांगावं का?

सांगावं. सोलापुरात दुष्काळ वगळून ऋतू शिकवले तर अर्धीच गोष्ट होते. २०१९ मध्ये सांगोला, मंगळवेढ्याकडे चारा छावण्या लागल्या. शेतकरी जनावरं घेऊन छावणीवरच राहायला गेले. तिथे टँकरनं पाणी यायचं आणि चारा मोजून मिळायचा. "पाऊस आला नाही, गवत उगवलं नाही, म्हणून गाय काही दिवस दुसरीकडे राहायला गेली, आणि बाबाही तिच्याबरोबर गेले." एवढं पाच वर्षांचं मूल समजून घेतं. मेलेल्या जनावरांचे फोटो दाखवू नका. विकलेल्या जनावराबद्दल विचारलं तर खरं सांगा.

१७. मुलं बांधावरचं हिरवं तोडून गायीला घालतात. चालतं ना?

मालकाला विचारल्याशिवाय नाही. यात एक फसवी गोष्ट आहे. ज्वारीचा वाळला कडबा जनावराचं रोजचं जेवण, पण गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी किंवा पावसाच्या ताणानं खुरटलेली ज्वारी विषारी असते. तिच्यात सायनाइड तयार होतं आणि भरपूर खाल्लं तर जनावर थोड्या वेळात दगावू शकतं. वाढलेली, वाळलेली ज्वारी चालते, कोवळी नाही. मुलांना कारण कळणार नाही, नियम कळतो: "ज्वारी मोठी झाल्यावरच."

कण्हेर आणि एरंडही नको. घरातला उरलेला भात, पोळ्या, पीठ ढीगभर घालू नका, पोट फुगतं. पिशवीत बांधून तर अजिबात नाही, जनावर पिशवीसकट खातं.

१८. पावसाळ्यात लहान मुलांना गोठ्यात नेणं सुरक्षित आहे का?

नेता येतं, थोडं सांभाळून. बूट घाला, बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा, कच्चं दूध पाजू नका. जनावराच्या मागे उभं राहायचं नाही. नुकत्याच व्यालेल्या गायीजवळ तर जायचंच नाही, एरवी गरीब असली तरी ती धावून येते.

पावसाच्या तोंडावर गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचतात, शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषाराची. गावात टोचणी चालू असेल तर लांबून दाखवा. "गायीला पण सुई?" हे ऐकल्यावर पुढच्या वेळी दवाखान्यात रड कमी होते, असं काही आया सांगतात. लम्पी माणसांना होत नाही, पण एका गोठ्यातून लगेच दुसऱ्या गोठ्यात जाऊ नका.

१९. आम्ही शहरात राहतो, गावाकडे कुणी नाही. मग?

जवळचा गवळी शोधा. सोलापूर शहराच्या कडेला गोठे आहेत. एकच म्हैस निवडा आणि मे, सप्टेंबर, जानेवारीत तिलाच भेटा. प्रश्न ३ मधल्या तीन गोष्टी बघा, घरी येऊन चित्र काढा. दहा प्राण्यांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे बरं, असं आमचं ठाम मत आहे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत जा, अकरानंतर जनावरांनाही पाहुणे नको असतात.

२०. बगळे, रोहित (फ्लेमिंगो), काळवीट हे शेतातले प्राणी म्हणायचे का?

पाळीव नाहीत, पण शेतात असतात. गायबगळा तर गुरांच्या पायांतच फिरतो, त्यांच्या खुरांनी उडालेले किडे टिपतो. आता ट्रॅक्टरच्या मागेही फिरतो. हिवाळ्यात पांढराशुभ्र असतो, उन्हाळा सरताना आणि पावसाळ्यात विणीच्या काळात डोकं, मान, पाठ बदामी-नारिंगी होते. मुलांना हा दुसरा पक्षी वाटतो.

उजनीच्या पाणलोटावर रोहित हिवाळ्यात येऊ लागतात आणि पाणी ओसरून चिखल उघडा पडला की उन्हाळ्यापर्यंत दिसतात. नान्नजच्या माळावर काळवीट. गोठा मनात पक्का बसल्यावर हे घ्या.

२१. मुलानं विचारलं, "आषाढात काळ्या बोकड कुठं गेला?"

हा प्रश्न दर वर्षी आखाडात येतो, बकरी ईदच्या सुमारासही येतो. "रानात गेला" असं सांगू नका. मूल त्याला शोधतं, आणि कुणीतरी मोठं भावंड खरं सांगून टाकतंच. "काही माणसं मटण खातात, ते बोकडाचं असतं. काळ्या त्यासाठी गेला." रडलं तर रडू द्या. तुमचं घर शाकाहारी असो की नसो, शेजाऱ्याला नावं ठेवू नका. ज्या बोकडाला विकायचं आहे त्याला मुलाला नाव ठेवू द्यायचं की नाही, हे घरातल्या मोठ्यांनी तो आणतानाच ठरवावं.